जोडीचे फोटॉन की रुबिडियमची कुपी?

नाशिकमध्ये एमएस्सी फिजिक्स संपवून पीएचडीकडे वळलेली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: सर, एंटँगल्ड फोटॉनवर, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या प्रकाशकणांवर काम करू की अणूंवर? मी आधी फोटॉनवर आठ महिने काढले आणि मग अणूंकडे, म्हणजे काचेच्या कुपीतल्या रुबिडियमच्या वाफेकडे वळलो, म्हणून अनुभवाचं तेवढं सांगतो.

फोटॉनची ओढ खरी आहे. 405 नॅनोमीटरचा लेझर बीबीओ नावाच्या स्फटिकात सोडायचा, क्वचित एखाद्या फोटॉनचे 810 चे दोन होतात, आणि जोडी किती गुंतली आहे ते तपासणाऱ्या बेल-चाचणीत एस हा आकडा 2 च्या वर गेला की कणांचे गुण मोजण्याआधीच ठरलेले असतात ही जुनी समजूत हातातून निसटते. क्वांटमला मुभा 2.83 पर्यंत. आस्पे, क्लाउझर, झायलिंगर यांना 2022 चं नोबेल याच वाटेवर मिळालं. माझ्या वहीत पहिल्यांदा 2.3 उतरलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मला नडलं ते वेगळंच. ते फोटॉन इतके थोडे की डोळ्याला तर नाहीच, अदृश्य लेझर दाखवणाऱ्या आयआर कार्डावरही दिसत नाहीत. डिटेक्टरचा काउंट शून्यावर आला की तो शून्य काहीच सांगत नाही. फायबर हललं? स्फटिक कलला? काळ्या कापडाच्या फटीतून उजेड शिरून डिटेक्टर दिपला? एकदा तीन दिवस फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या कपलरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसलो. शेवटी दोष निघाला टायमिंगच्या एका केबलमध्ये.

कुपीतही कटकट आहेच. दार आपटलं की लेझरचं लॉक, म्हणजे त्याची वारंवारता जागेवर धरून ठेवणारी पकड सुटतं, अगदी वैताग येईल इतक्या वेळा. पण सुटलं की स्क्रीनवर दिसतं, आणि का सुटलं तेही बहुतेक वेळा कळतं. रुबिडियम-87 च्या खालच्या दोन पातळ्यांमध्ये 6.8 गिगाहर्ट्झचं अंतर आहे. बरोबर तेवढ्याच फरकाचे दोन किरण सोडले की अणू त्या दोन्ही पातळ्यांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन्हींत जातात आणि प्रकाश शोषणं सोडतात. शोषणाच्या रुंद दरीत एक बारीक सुळका उभा राहतो. चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर कुपीजवळ नेला की तो सुळका फाटतो, सरकतो. त्या क्षणी अचूक मोजमाप म्हणजे काय ते हाताला कळतं.

आणि अणू धरले म्हणून एंटँगलमेंट सुटत नाही. सुट्या एन अणूंनी मोजमापातली चूक एन च्या वर्गमुळाच्या पटीतच घटते. त्यापुढे एन च्या पटीकडे जायचं तर अणू एकमेकांत गुंतवावेच लागतात.

क्वांटम कम्युनिकेशनमध्येच, म्हणजे फोटॉनमधून संदेश पाठवण्याच्या कामात जायचं पक्कं असेल, तर माझं ऐकू नका, फोटॉन घ्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं त्याचं केंद्र आयआयटी मद्रासला आहे. सेन्सिंगचं, म्हणजे अचूक मोजमापाचं, आयआयटी मुंबईला, म्हणजे नाशिक रोडहून गाडीत बसलं की तसं जवळच. ठरवण्याआधी दोन्हींकडच्या लॅब बघून या, आणि तिथल्या मुलांना एकच विचारा: सिग्नल गेला की तो परत मिळवायला शेवटच्या खेपेला किती दिवस लागले?