अमेरिकेत दावा कुठे: संघीय न्यायालय की राज्याचं?

अमेरिकेत घटस्फोट, मृत्युपत्र, भाडेकरूशी वाद, रस्त्यावरचा अपघात ही प्रकरणं राज्याच्या न्यायालयात जातात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा संबंध आला तर बहुधा याच न्यायालयांशी येतो. दिवाळखोरी, पेटंट मात्र संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयाकडे.

खरी निवड येते ती दोन्ही दारं उघडी असतात तेव्हा. समजा, टेक्सासच्या नागरिकाने न्यू जर्सीच्या कंपनीवर टेक्सासमध्येच करारभंगाचा दावा लावला. रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असेल, तर कंपनी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत तो संघीय न्यायालयात हलवू शकते. दावा न्यू जर्सीतच लागला असता, तर घरच्या राज्यातल्या प्रतिवादीला, दोन्ही पक्ष वेगळ्या राज्यांचे आहेत एवढ्या कारणाने ही मुभा नसते. परक्या राज्यात पक्षपात होईल, या भीतीपोटीच ही सोय आहे.

न्यायाधीशांचा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. संघीय न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते. पुढे पद तहहयात, महाभियोगाशिवाय हटवता येत नाही आणि पगारही कापता येत नाही. अनेक राज्यांत मात्र न्यायाधीश मतं मागून निवडून येतात. सरकारविरुद्ध हक्काची लढाई असेल, तर मी संघीय न्यायालयच निवडेन. १८०३च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन निकालापासून घटनाबाह्य कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयांनी ठामपणे वापरला आहे, आणि तो वापरायला निवडणुकीची धास्ती नसलेला माणूस लागतो.

राज्याच्या स्वतःच्या कायद्याच्या अर्थाबाबत मात्र त्या राज्याचं सर्वोच्च न्यायालयच अंतिम.