सही केली ती प्रत वेगळीच होती

अडाणी समजून कोणी फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं. मी करारनामा तपासून घेतला होता, एआयकडून, तोही दोनदा. त्याचा अहवाल आजही माझ्याकडे आहे. घराला मात्र अजून खिडक्या नाहीत.

घर साधंच. एकच मजला, १,२०० चौरस फूट, काम माल-मजुरीसह, चौरस फुटाच्या दराने. ठेकेदाराने ११ पानांचा करारनामा मोबाइलवर पाठवला तेव्हाच मी निम्मा गार झालो होतो, कारण माझ्या ओळखीतल्या अनेकांची घरं वहीच्या एका पानावर उभी राहिली आहेत. फाईल मी करार तपासणाऱ्या टूलमध्ये टाकली. दोन मिनिटांत २३ हरकती बाहेर आल्या. वाद कुठल्या न्यायालयात चालेल, आपत्ती आली तर मुदत किती वाढेल, ईमेलवरची नोटीस धरायची का, असं बरंच काही. मी सगळ्या हरकती जशाच्या तशा ठेकेदाराला पाठवल्या. त्याने त्यातल्या २० मान्य केल्या, तेही लेखी. ‘साहेब, असं वाचणारं गिऱ्हाईक मिळालं की कामाला हुरूप येतो,’ असंही म्हणाला. मला ते खरं वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

उरलेल्या तिन्हींबद्दल ‘बसून बोलू’ असं ठरलं. बसणं काही झालं नाही. त्यातली एक होती १७ नंबरची: ‘देयकाचे टप्पे कामाच्या प्रगतीच्या पुढे आहेत. धोका: मध्यम.’ ईमेलच्या नोटिशीलाही धोका मध्यमच दिला होता, मग मी तरी कशाला थांबतोय!

ते टप्पे असे होते. आगाऊ १० टक्के, जोत्याला २०, लिंटेलला (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीला) २०, स्लॅबला ३०, गिलाव्याला १५, ताब्याला ५. बेरीज करून बघा: स्लॅबपर्यंत ८० टक्के पैसे गेले. फरशी, वायरिंग, नळकाम, दारं-खिडक्या, रंग हे सगळं राहिलेल्या २० टक्क्यांत. घर बांधलेला कोणीही सांगेल की स्लॅब पडला म्हणजे खर्चाच्या हिशेबाने घर फार तर निम्म्यावर आलं. ही बेरीज मी टूलला करायला सांगितली नाही, आणि स्वतःही केली नाही.

सही साईटवर झाली, संध्याकाळी. खोदाईचं मशीन येऊन उभं, त्याचं भाडं चालू. ठेकेदाराने छापील प्रत गाडीच्या बॉनेटवर ठेवली. ‘तुमच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्यात, चाळून बघा.’ मी खरंच चाळून बघितलं. न्यायालयाचं कलम सापडलं, नोटिशीचं सापडलं, तिथे माझेच शब्द छापलेले. मी खूश होऊन अकराही पानांवर सह्या ठोकल्या.

पहिला दणका स्लॅबच्या वेळी बसला. सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी खालून आधाराला लावायच्या फळ्या लागायला लागल्या आणि त्याने ३० टक्के मागितले. मी म्हटलं, स्लॅब तर पडू दे. त्याने पान उघडून दाखवलं: ‘स्लॅबचे सेंटरिंग सुरू झाल्यावर.’ मी वाचलेल्या फाईलमध्ये ‘स्लॅब पूर्ण झाल्यावर’ होतं, हे मला पक्कं आठवत होतं. पण आठवण आणि सही यांत भांडण लागलं तर कोण जिंकतं ते सांगायला नको. पैसे दिले. स्लॅब पडला, आणि मग माणसं येईनाशी झाली. फोन केला की ‘दुसऱ्या साईटवर अडकलोय’ हे एकच उत्तर.

दुसरा दणका मोजमापाचा. १,२०० फुटांच्या घराचं त्याने १,५३० फुटांचं बिल लावलं. सज्जे १४०, जिना खाली आणि वर दोन्हीकडे धरून जादा ९०, ओटा ६०, पाण्याच्या टाकीचा चौथरा ४०. सगळं पूर्ण दराने. हे मात्र नंतर घुसडलेलं नव्हतं, पहिल्यापासून ‘परिशिष्ट ब’मध्ये होतं. ते परिशिष्ट म्हणजे हाताने लिहिलेल्या तक्त्याचा तिरका फोटो, फाईलच्या शेवटी चिकटवलेला. टूलला तो वाचताच आला नव्हता. तरी अहवालात वाक्य होतं: ‘मोजमापाची पद्धत परिशिष्ट ब मध्ये स्पष्ट केली आहे.’ करारात तसं लिहिलेलं होतं, म्हणून त्याने तेच परत लिहिलं. परिशिष्टात काय आहे, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग मी सही केलेल्या प्रतीचे नीट फोटो काढले, मजकूर करून घेतला आणि त्याच टूलला म्हटलं: ही नवी प्रत, ही जुनी, शब्दाशब्दाचा फरक काढ. एका मिनिटात चार जागा. एक स्लॅबची. दुसरी, शेवटचे ५ टक्के ताब्यानंतर सहा महिने राखून ठेवायचे ही माझी मान्य झालेली सूचना, छापील प्रतीत गायब. तिसरी, जादा कामाला मालकाची ‘लेखी मंजुरी’ होती, तिथे नुसती ‘मंजुरी’. म्हणजे साईटवर मी ‘बरं, करा’ म्हटलं की झालं. चौथी काँक्रीटची. फाईलमध्ये एम२० काँक्रीट आणि २८ दिवसांनी त्याच्या ठोकळ्यांची चाचणी होती. एम२० म्हणजे त्या दिवशी ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसायला हवा, सरळ मोजता येणारी गोष्ट. सही केलेल्या प्रतीत होतं ‘उत्तम दर्जाचे काँक्रीट’. उत्तम कोणी ठरवायचं?

रागाच्या भरात टूललाच विचारलं, आता काय करू? त्याने एक तत्त्व सांगितलं, जे खरंच आहे: कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरोधात लावला जातो. मी ते ठेकेदाराच्या तोंडावर फेकलं. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं, करार दोघांनी मिळून लिहिलाय, तुमच्या २० दुरुस्त्या त्यात आहेत. ज्या २० हरकतींची मी फुशारकी मारत होतो, त्याच माझ्या अंगावर आल्या. टूलने एका निकालाचा दाखलाही दिला होता. माझ्या वकिलांनी शोधला, असा निकालच नव्हता. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. माझ्या वकिलांनी मला तेवढं ऐकवलं आणि तो दाखला बाजूला ठेवला. आता आमची सगळी भिस्त त्या जुन्या ईमेलवर आहे, ज्यात ठेकेदाराने ‘२० मान्य’ असं लिहिलंय. तो जपून ठेवला ही माझी एकमेव अक्कल.

टूलवर माझा राग नाही. ‘यात काय चूक आहे’ एवढंच विचारलं, तर ते समोरच्या कागदातलीच चूक दाखवणार. मी विचारायला हवं होतं: कराराने ज्या कागदांचा हवाला दिलाय त्यातला कुठला तुला दिसत नाही? प्रत्येक टप्प्याला माझे किती टक्के गेलेले असतील आणि काम किती झालेलं असेल? हा माणूस स्लॅबनंतर आलाच नाही, तर माझ्या हातात कुठलं कलम उरतं? हे तिसरं मी नंतर विचारून पाहिलं. उत्तर एका ओळीचं होतं: कुठलंच नाही. आणि छापील प्रत रात्रभर घरी ठेवून घ्यायला हवी होती, मशीनचं भाडं मी भरलं असतं तरी ते स्वस्त पडलं असतं.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. ठेकेदाराने माझं नाव संदर्भ म्हणून दिलं होतं. ‘सगळं वाचून सही करणारे साहेब आहेत, त्यांना विचारा.’ गृहस्थ म्हणाले, आमचाही करार ११ पानांचाच आहे, पण काळजी नाही, एआयकडून तपासून घेतलाय.

मी विचारलं, ‘कुठली प्रत?’