लॅमिंग्टन रोडवरचा एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर: कुणी घ्यावा, कुणी नाही

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं की लॅपटॉपचं एचडीएमआय सॉकेट जुन्या व्हीजीए मॉनिटरला जोडणारा हा बिनब्रँडचा कन्व्हर्टर दुकानादुकानांत टांगलेला दिसतो. घेण्याआधी मॉनिटरची पाठ बघा. तिथे डीव्हीआयचं रुंद सॉकेट असेल तर हा नकोच. डीव्हीआय-डी (डीव्हीआयचा डिजिटल प्रकार) आणि एचडीएमआय यांचा चित्राचा सिग्नल एकाच जातीचा, त्यामुळे साधी एचडीएमआय-डीव्हीआय केबल पुरते आणि अक्षरंही जास्त रेखीव दिसतात.

मागे फक्त १५ पिनांचं व्हीजीए असेल तर मात्र दुसरा इलाज नाही. १९८७ मध्ये आयबीएमने काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरांसाठी आणलेला हा अ‍ॅनलॉग सिग्नल. एचडीएमआयच्या डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनलॉग करायला आत चिप लागते, पिना नुसत्या जोडून भागत नाही. त्या चिपची भूक हीच खरी अडचण. एचडीएमआय सॉकेट ५ व्होल्टवर फक्त ५५ मिलिअ‍ॅम्पिअरची हमी देतं. तेवढ्यात भागलं नाही की चित्र मध्येच काळं पडतं. म्हणून वेगळी वीज देता येईल असं मायक्रो यूएसबीचं सॉकेट बाजूला असलेलाच नग घ्या.

शक्य असेल तर लॅपटॉप घेऊन जा आणि काउंटरवरच लावून बघा. १७ इंची चौकोनी एलसीडीला १२८० × १०२४ रिझोल्यूशन मिळायला हवं. १०२४ × ७६८ वरच अडकलं तर कन्व्हर्टर परत करण्याआधी केबल बदला: मॉनिटर आपली ओळख १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून देतो आणि स्वस्त केबलीत त्या तारा कधीकधी नसतातच. ९ नंबरची पिन मात्र बऱ्याच केबलींत मुळातच नसते, ती तुटलेली समजू नका.

पडदा जांभळट-गुलाबी दिसला तर हिरव्याची २ नंबरची पिन लागत नाही. पिवळा दिसला तर निळ्याची ३ नंबरची. मुंबईच्या दमट हवेत पिना लवकर काळवंडतात. सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन्ही स्क्रू आवळा. अक्षरं धूसर असतील तर पडदाभर मजकूर उघडून मॉनिटरचं ऑटो बटण दाबा. काळ्या वॉलपेपरवर त्याला कडा सापडत नाहीत.

सेट-टॉप बॉक्ससाठी हा घेऊ नका, कॉपी-संरक्षणामुळे पडदा काळाच राहण्याची शक्यता मोठी. आणि जुना सीपीयू नव्या टीव्हीला जोडायचा असेल तर हाच उलटा लावून चालत नाही. त्यासाठी व्हीजीए-एचडीएमआय असा वेगळा कन्व्हर्टर मागा.