दिवा–सावंतवाडी पॅसेंजर : सेवा चोख, अपेक्षा अपुरी

कोकण रेल्वेवरील दिवा–सावंतवाडी गाडीला कागदोपत्री आता एक्स्प्रेस म्हणत असले, तरी फलाटावर तिला ‘पॅसेंजर’ म्हणूनच ओळखतात, आणि तिचा गुणही त्याच नावात आहे. वेगवान गाड्या ज्या विन्हेरे, कामथे, आडवलीसारख्या स्थानकांवरून न थांबता निघून जातात, तिथे ही थांबते आणि भाडेही खिशाला परवडते.

गणपतीच्या आठवडाभर आधी मी तिने कुडाळपर्यंत गेलो. समोरच्या बाकावर सत्तरीच्या एक काकी होत्या. पायाशी नवा खराटा, रंगाचा डबा आणि तांदळाची पिशवी. कुठे निघालात, असे विचारल्यावर म्हणाल्या, “घर उघडूक चललंय.” म्हणजे वर्षभर कुलूपबंद असलेले घर झाडून, माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांनी सजवलेली चौकट) बांधून, मुले-नातवंडे येण्याआधी राहण्याजोगे करायचे आणि विसर्जनानंतर पुन्हा बंद करायचे. डब्यातले निम्मे प्रवासी अशाच कामाला निघाले होते.

हा मार्ग मुळात मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणाला उभे करण्याच्या आशेने मागितला गेला. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी त्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतून महामंडळ स्थापन झाले, आणि अभियंते ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग 1998 मध्ये संपूर्ण खुला झाला. बांधकामाबद्दल तक्रारीला जागाच नाही. उक्षी आणि भोके यांच्या दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तर रत्नागिरीच्या पुढचा पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच. तिथे डब्यातल्या गप्पा आजही आपोआप थांबतात.

पण गाव सावरण्याचे साधन म्हणून या सेवेला मी पूर्ण गुण देणार नाही. मार्ग खुला झाल्यानंतरच्या पहिल्याच पूर्ण दशकात, 2001 ते 2011 या काळात, रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. (त्या दशकात घटलेला राज्यातला तिसरा जिल्हा मुंबई शहर होता, गिरगाव-परळचा चाकरमानी उपनगरांकडे सरकला, गावाकडे परतला नाही.) लोक रेल्वेमुळे गेले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ते आधीपासूनच जात होते, मात्र जाणे-येणे सोपे झाले म्हणून राहणे सोपे होत नाही. गाडीचे वेळापत्रक मुंबईशी बांधलेले आहे, खेडहून चिपळूणच्या महाविद्यालयात रोज जाणाऱ्या मुलीशी नाही. हापूसच्या पेट्या आजही मुख्यतः ट्रकनेच वाशीला जातात, कारण बागेत भरलेला माल थेट बाजारात उतरतो, तर रेल्वेने पाठवायचा झाल्यास दोन्ही टोकांना हाताळणी वाढते. ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा 1999 पासून आहे खरी, पण कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला जाणाऱ्या त्या मालाला कोकण म्हणजे नुसता वाटेतला प्रदेश आहे.

मार्गही बहुतांश एकेरीच. रोहे ते वीर हा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, पण त्यापुढे समोरून येणारी गाडी जाऊ देण्यासाठी क्रॉसिंगला थांबावे लागते आणि अशा वेळी थांबायची पाळी बहुधा पॅसेंजरचीच असते. स्थानिक फेऱ्या वाढवायच्या तर आधी दुसरा रूळ हवा.

एक व्यावहारिक सूचना : ‘रोड’ हा शब्द लागलेल्या स्थानकाचे तिकीट काढताना सावध असावे. राजापूर रोडहून राजापूर शहर बरेच लांब आहे. कुडाळला मला न्यायला भाचा आला होता. काकींनी मात्र कणकवलीला उतरण्याच्या तासभर आधीपासून गावातल्या एका रिक्षावाल्याला तीनदा फोन करून पाहिला होता.