पुळणीवर घड्याळातली गाणी: कोरोस पेस ३ आणि गार्मिन फोररनर

फोन घरी ठेवायचा, घड्याळातली गाणी थेट कानात घ्यायची आणि ओहोटीच्या कडक वाळूवर पळायचं, या एका कामासाठी ही दोन घड्याळं इथे घेतली आहेत: २०२३ चं कोरोस पेस ३ आणि २०१९ चं गार्मिन फोररनर २४५ म्युझिक. दुसरं जुन्यातही मिळतं, पण पाटीवर ‘म्युझिक’ हा शब्द आहे का ते बघा. साध्या २४५ मध्ये गाणी साठवायची सोयच नाही. त्यावरून फक्त फोनवरची गाणी पुढे-मागे करता येतात. त्याच मालिकेतल्या पुढच्या २५५ चंही तसंच.

‘घड्याळातून आवाज बारीक आणि खरखरीत येतो’ ही नेहमीची तक्रार. त्यातली अर्धी खरी आहे. बहुतेक स्पोर्ट्स वॉच ब्लूटूथवर एसबीसी नावाच्या सगळ्यात साध्या पद्धतीने आवाज पाठवतात. ती वाईट नाही. चांगल्या दर्जाला सेकंदाला ३२८ किलोबिट आणि मध्यम दर्जाला २२९ किलोबिट, असे तिचे ठरलेले टप्पे आहेत. घड्याळ आणि इअरफोन यांनी आपसात कोणता टप्पा ठरवला, ते मात्र आपल्याला दिसत नाही. फरक ऐकायचा तर भजन लावा. पखवाज आणि पेटी जवळजवळ तशीच येतात, पण टाळ-झांज एकदम वाजू लागली की वरचे सूर पाण्यात कालवल्यासारखे होतात. पळताना, त्यात समोर समुद्र गाजत असताना, हे जाणवत नाही. पडवीत बसून ऐकायला या घड्याळांचा आवाज अपुरा आहे, आणि त्यासाठी ती घेऊही नयेत.

त्याहून मोठा तोटा आपणच करतो, तो फाइलमध्ये. एमपी३ आधीच दाबलेली, म्हणजे थोडा आवाज गाळून लहान केलेली असते. घड्याळ ती उलगडतं आणि एसबीसीत पुन्हा दाबतं. १२८ किलोबिटचं गाणं या दुसऱ्या दाबाला टिकत नाही. २५६ किंवा ३२० घ्या. १२८ ची फाइल संगणकावर ३२० करून काही मिळत नाही, नुसती जागा जाते. ३२० ला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. पेस ३ च्या ४ जीबीत अशी तीनेकशे गाणी आरामात बसतात. रोजच्या तासाभराच्या फेरीला तेवढी पुष्कळ झाली.

पेस ३ फक्त एमपी३ वाजवतं. चार्जिंगची केबल संगणकाला लावली की ते पेन ड्राइव्हसारखं उघडतं. म्युझिक फोल्डरमध्ये गाणी टाका, नीट इजेक्ट करा, झालं. स्पॉटिफाय वगैरे काही नाही. गार्मिनला एमपी३, एम४ए, एएसी आणि डब्ल्यूएव्ही चालतात, फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) चालत नाही. ज्यांनी सगळा संग्रह फ्लॅकमध्ये जपलाय त्यांना बसून रूपांतर करावं लागेल. स्पॉटिफायची गाणी उतरवायला प्रीमियम खातं आणि वायफाय लागतं. इथे गाडी अडते, कारण हे घड्याळ २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतं. घरी राउटर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो, पण सेटिंगमध्ये जाऊन तो ५ वरून २.४ वर आणावा लागतो. घड्याळ चार्जरला लावूनच उतरवा, नाहीतर मध्येच थांबतं.

गाणं अडखळण्याची गोष्ट वेगळी आणि इथल्या कोकण किनाऱ्यावर जास्त महत्त्वाची. घरात सुरळीत वाजणारं घड्याळ भाट्याच्या किंवा गुहागरच्या मोकळ्या पुळणीवर तुटक वाजू लागतं आणि माणूस इअरफोन बदलायला दुकानात जातो. दोष बहुधा इअरफोनचा नसतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच. घरात भिंतींवर आदळून आणि पाखाडीत (दगडी पायवाटेवर) दोन्हीकडच्या गडग्यांवर (दगडी कुंपणांवर) आदळून लहर वळसा घालून कानापर्यंत पोचते. पुळणीवर आदळायला काहीच नाही. डाव्या मनगटावरचं घड्याळ आणि उजव्या कानातला रिसीव्हर यांच्यामध्ये अख्खं धड येतं. हात मागे गेला की आवाज गेला, पुढे आला की आला, म्हणजे पावलांच्या तालावर तुटतं. तुटणं असं तालात असेल तर कारण हेच.

उपाय फुकटचा आहे. सुट्या इअरबड्सच्या बऱ्याच जोड्यांत एकच कळी घड्याळाशी बोलते आणि दुसरीला पुढे पोचवते. ती कुठली ते शोधा: दोन्ही कळ्या घाला, घड्याळ एकदा डाव्या आणि एकदा उजव्या मनगटावर बांधून तो हात पाठीमागे नेऊन मिनिटभर उभे राहा. ज्या मनगटावर आवाज कमी तुटतो तिथेच घड्याळ बांधा. गळ्यातल्या नेकबँडमध्ये रिसीव्हर बहुधा बटणांच्या बाजूला असतो, त्याच हाताला घड्याळ. पावसाळ्यात रेनकोटची ओली बाही घड्याळावर आली तरी तेच होतं. बाहीवरून घड्याळ बांधलं तर गाणं सुधारतं, पण नाडी मोजायची थांबते. दोन्ही हवं असेल तर बाही दुमडा.

जोडी लावताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा. इअरफोन सवयीने आधी फोनलाच चिकटतात आणि घड्याळ बिचारं शोधत बसतं. पळायला सुरुवात करायच्या आधी फोनबरोबरचं सिंक पूर्ण होऊ द्या आणि जीपीएसला उपग्रह सापडू द्या. पहिल्या पाच मिनिटांत गाणं अडखळून नंतर सुरळीत होत असेल तर बहुतेक वेळा त्या लहानशा यंत्रात एकदम चार कामं चाललेली असतात.

घड्याळात इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायची सोय) नसल्याची उणीव भरून काढता येते. इअरफोनच्या ॲपमधला इक्वलायझर इअरफोनमध्येच साठत असेल तर फोनवर एकदा लावून ठेवा, घड्याळाशी जोडल्यावरही तो टिकतो. एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं किंचाळतं, यावर एमपी३गेन हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. ८९ डेसिबल हे त्याचं मूळ लक्ष्य तसंच ठेवून सगळी गाणी एका पातळीवर आणा. फाइल पुन्हा दाबली जात नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो.

दुपारचा खारा वारा सुटला की रबरी टोकं नीट न बसलेल्या इअरफोनमधून खालचे सूर गायब होतात आणि हात आवाज वाढवायला जातो. आधी टोकाचा आकार बदलून बघा. सागरी महामार्गाच्या कडेने पळणाऱ्यांनी मात्र कान उघडा ठेवणारे, हाडावाटे ऐकवणारेच घ्यावेत. ठेका पातळ येईल, पण वळणावर मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येईल. पोहताना या दोन्ही घड्याळांतून गाणी मिळणार नाहीत. खाऱ्या पाण्यात लहर काही सेंटिमीटरच जाते. तिथे गाणी स्वतःत साठवणारे वेगळे हेडफोन लागतात.

बॅटरीचं गणितही बघून ठेवा. फोररनर २४५ म्युझिक नुसत्या जीपीएसवर २४ तास आणि गाण्यांसह ६ तास चालतं, असं कंपनी सांगते. अर्ध मॅरेथॉनला चिंता नाही. आदल्या रात्री चार्ज करायला विसरलात तर आहे.

परत आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली धरा. पाण्यापासून संरक्षणाचे आकडे साध्या पाण्यावरच्या चाचणीचे असतात, मिठाचा हिशोब त्यात नसतो. मागच्या चार्जिंगच्या टाचण्या सुती फडक्याने कोरड्या केल्याशिवाय केबल लावू नका. ओल्या, खारट टाचण्यांतून वीज गेली की त्या हिरव्या पडतात. एका कानाचा आवाज हळूहळू बसत चालला असेल तर त्या कळीच्या जाळीवर घामाचं मीठ आणि मळ साचलेला असतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुई घालू नका, जाळी आत जाते.