चंद्राच्या नकली मातीचं पाकीट, वापरून बघितलं

चंद्रावर कायमचा तळ बांधायचा तर सगळं सामान इथून नेणं परवडणारच नाही, तिथलीच माती वापरावी लागणार, म्हणून तिच्यासारखी बनवलेली एक किलो माती मागवली. ज्वालामुखीच्या खडकाची भुकटी आहे, काळपट राखाडी, बोटांत चोळली की पिठासारखी वाटते आणि मध्येच काचेसारखी टोचते, अपोलोवाल्यांना या धुळीने किती छळलं असेल ते तेव्हा कळलं. मास्क लावूनच उघडा, प्लीज.

भट्टीत साधारण ११०० अंशांना भाजली तर पाणी, सिमेंट काहीही न घालता कण एकमेकांना चिकटले आणि सुपारीएवढी टणक वडी झाली, हातात घेतली तेव्हा अंगावर काटाच आला! खऱ्या चंद्रमातीत तर वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो, खनिजांत अडकलेला, तो सोडवला की श्वासालाही आणि रॉकेटलाही.

तक्रार एकच. ही माती चंद्रावरच्या काळ्या डागांतल्या बेसॉल्टसारखी आहे आणि तळाचा विचार चाललाय दक्षिण ध्रुवाजवळ, तिथली माती वेगळी, २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या रोव्हरने तपासली तीसुद्धा अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट रंगाच्या खडकाच्या जातीची निघाली. पाकिटावर हे लिहायलाच हवं होतं, मी चार तारे देतोय.