मिसरची बागायत आणि कनानची जिरायत

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे दोन देश शेतीच्या भाषेत शेजारी ठेवतो: मिसरात (इजिप्तमध्ये) भाजीच्या मळ्यासारखे पायाने पाणी द्यावे लागे, तर कनान, म्हणजे देवाने त्यांना देऊ केलेला देश, हा आकाशातून पडणारे पाणी पिणारा डोंगरदऱ्यांचा प्रदेश आहे. दारे धरताना पायाने माती सारून वाफ्यात पाणी वळवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे चित्र उलगडून सांगावे लागत नाही. नाईलचा पूर दूरच्या इथिओपियातील पावसाने येई. त्यामुळे मिसरचा शेतकरी आभाळाकडे न पाहताही पिके घेऊ शकत असे. कनानात मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आगोटीचा आणि मार्च-एप्रिलचा वळवाचा पाऊस (महिने आपल्यापेक्षा निराळे) चुकला की दुष्काळ ठरलेला, आणि अशाच दुष्काळात इस्राएल लोकांचा पूर्वज अब्राहाम मिसरात गेला.

व्यवहाराने पाहिल्यास बागायतच सरस; अब्राहामाचा पुतण्या लोट यानेही मिसरासारखे भरपूर पाण्याचे यार्देन नदीचे खोरे पाहून तीच निवड केली आणि तो सदोम नगराजवळ जाऊन राहिला. मोशे मात्र जिरायतीलाच वरचढ मानतो, कारण तिथे पीक आणि आज्ञापालन एकाच पावसाला बांधलेले आहेत: देवाच्या आज्ञा पाळल्या तर पाऊस, आणि पाऊस पडला तर पीक. माझ्या मते हा युक्तिवाद शेतकऱ्यापेक्षा उपदेशकाला अधिक सोयीचा आहे.